मेल्याचं सोंग घेणारा मासा: लिव्हिंगस्टोनी पाळायला घेताना

टँकच्या मधोमध, उघड्या वाळूवर मासा कुशीवर पडलेला होता. अंगभर मळकट तपकिरी डाग, जणू सडायला सुरुवात झालीय. मी हळहळत जाळी घेतली, झाकण उचललं, आणि तो ‘मेलेला’ मासा ताडकन उठून वर आला. खायला मागायला.

आपल्याकडे म्हणतात, झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. या माशाच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. सोंग घेतलेला लगेच उठतो, खरोखर पडलेला उठत नाही. लिव्हिंगस्टोनी नव्याने पाळणारा प्रत्येक जण कधी ना कधी टँकपुढे उभा राहून ‘हा आजारी आहे की नाटक करतोय’ या कोड्यात पडतो. या लेखातलं बरंचसं त्यासाठीच आहे. टँक कसा लावायचा, पाणी कसं ठेवायचं हेही ओघाने येईल, कारण पाण्याची खात्री नसेल तर त्या कोड्याचं उत्तर देता येत नाही.

आधी मासा ओळखून घ्या

पूर्ण नाव निंबोक्रोमिस लिव्हिंगस्टोनी. ‘निंबस’ म्हणजे ढग. अंगावरच्या ढगांसारख्या मोठ्या डागांवरून हे प्रजातीसमूहाचं नाव १९८९ साली पडलं. त्याआधीच्या पुस्तकांत हाच मासा हॅप्लोक्रोमिस लिव्हिंगस्टोनी या नावाने सापडतो. दुसरा शब्द १८५९ साली आफ्रिकेतल्या मलावी सरोवरापर्यंत पोचलेल्या प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनवरून. सरोवराकाठचे लोक मात्र त्याला ‘कालिगोनो’ म्हणतात, म्हणजे झोपाळू. मला हेच नाव सर्वांत नेमकं वाटतं.

मलावी सरोवर मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांच्या मध्ये पसरलेलं आहे. लांबी साडेपाचशे किलोमीटरहून जास्त, खोली सातशे मीटरच्या घरात. पण साधारण अडीचशे मीटरच्या खाली पाण्यात प्राणवायूच नाही, त्यामुळे माशांचा सगळा संसार वरच्या थरात. त्यातही आपला मासा उथळ भागातला, वाळू आणि रिबनसारख्या लांब पानांच्या वॅलिस्नेरियाची कुरणं असतात तिथला. सरोवरातून निघणाऱ्या शायर नदीच्या वरच्या भागात आणि तिच्या वाटेवरच्या मलोंबे सरोवरातही तो आहे.

त्याच्या सोंगाचं शास्त्रीय वर्णन केनेथ मॅके यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलं. मासा वाळूवर उतरतो, कुशीवर कलतो आणि निपचित पडून राहतो. डागाळलेलं अंग कुजत चाललेल्या मढ्यासारखं दिसतं. मेलेल्या माशाचे लचके तोडायला येणारे छोटे मासे फसतात, जवळ येतात, आणि पडल्या पडल्याच हा बाजूला झेप घेऊन त्यांना गिळतो. एका पायावर डोळे मिटून उभा असलेला बगळा आपल्या ओळखीचा आहे. हा त्याच्याही पुढे गेला, स्वतःचं प्रेतच मांडून बसला.

दुकानात हा आणि याचे दोन भाऊबंद शेजारी शेजारी दिसतात आणि लहानपणी तिघे सारखेच वाटतात. लिव्हिंगस्टोनीचे डाग मोठे, कमी आणि फिक्या अंगावर उठून दिसणारे असतात. डागांच्या जोडीला अंगभर बारीक ठिपक्यांची शिंपण असेल तर तो पॉलिस्टिग्मा. तिसरा व्हेनुस्टस. त्याच्या पिल्लावरही जिराफासारखे डाग असतात, पण मोठेपणी नर पिवळाधमक आणि निळ्या तोंडाचा होतो. ओळख पक्की नसेल तर घेऊ नका. पुढे पिल्लं झाली की ही चूक निस्तरत नाही.

पहिली पायरी: टँक, आणि इथे तडजोड नको

दुकानातलं पिल्लू चार-पाच सेंटीमीटरचं, खेळकर आणि देखणं असतं. पूर्ण वाढलेला नर पंचवीस सेंटीमीटरच्या आसपास जातो. ‘सध्या छोटा टँक घेऊ, मासा वाढला की बघू’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि एकदा स्वतःही म्हटलंय, की आता ते कोणी म्हणालं की मी सरळ दुसरा मासा सुचवतो. पहिल्या वर्षात हा झपाट्याने वाढतो आणि ‘बघू’ची वेळ तुमच्या अंदाजाआधीच येते.

एक नर आणि तीन-चार माद्या ठेवायच्या तर टँकची लांबी १८० सेंटीमीटर धरा, रुंदी आणि उंची साठ-साठ. उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची, कारण हा तळाशी पडणारा आणि सुळकन झेपावणारा मासा आहे. या मापात जवळपास ६५० लीटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचं वजन ६५० किलो. वाळू, दगड, काच आणि स्टँड धरून आकडा आठशेच्या पुढे जातो. टँक कुठे ठेवायचा हे ठरवताना जमीन आणि तिची पातळी आधी तपासा, भिंतीचा रंग नंतर.

झाकण हवंच. घाबरला की हा उडी मारतो.

दुसरी पायरी: तळ आणि दगड

बारीक, गुळगुळीत वाळू, साधारण पाच सेंटीमीटर थर. टोकदार खडी नको. ज्या माशाचा व्यवसायच जमिनीवर अंग टाकण्याचा आहे त्याला खरखरीत तळ देणं म्हणजे खवले सोलून काढणं.

दगड मोजके आणि मोठे घ्या. ते आधी थेट तळाच्या काचेवर, जाड फोमच्या तुकड्यावर बसवा आणि मग भोवती वाळू टाका. हे मासे वाळू उपसतात. दगड वाळूवर उभा केलेला असेल तर एके दिवशी तो कलंडेल आणि काच फुटेल. मागच्या बाजूला थोडं वॅलिस्नेरिया लावलं तर या माशाला लागणाऱ्या कठीण, म्हणजे क्षारयुक्त पाण्यात ते तगतं. पण समोरचा अर्धा भाग पूर्ण मोकळा सोडा. हे रंगमंचच आहे असं समजा, सोंग तिथेच वठतं. टँक दगडांनी ठासून भरलात तर मासा जगेल, पण ज्यासाठी तो घेतला ते कदाचित कधीच दिसणार नाही.

तिसरी पायरी: पाणी

मलावीचं पाणी अल्कधर्मी आहे. पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचं माप) साधारण ७.७ ते ८.८, उथळ भागात तापमान २४ ते २८ अंश. टँकमध्ये पीएच ८ च्या आसपास आणि तापमान २५ ते २७ अंश ठेवलं की पुरे. अमुक एका आकड्याच्या मागे धावू नका. या माशाला आकड्यापेक्षा स्थिरता कळते.

स्थिरता येते केएचमधून, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटच्या साठ्यातून. हा साठा कमी असेल तर पीएच हळूहळू, कधी एका रात्रीत, घसरतो. केएच सहा ते आठ अंशांवर ठेवा. तुमचं पाणी मऊ असेल तर खाण्याचा सोडा कामाला येतो. शंभर लीटर पाण्यात साधारण तीन ग्रॅम सोडा टाकला की केएच एक अंशाने वाढतो. हिशोब करून, बादलीत विरघळवून, थोडा थोडा टाका. पाणी बदलताना नव्या पाण्यातही त्याच प्रमाणात टाकायचा, नाहीतर दर आठवड्याला साठा पातळ होत जाईल. सोड्याने कॅल्शियम मात्र वाढत नाही. त्यासाठी फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत पोवळ्यांचा चुरा ठेवतात. तो सावकाश विरघळत राहतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. मासा आणायच्या आधी टँकची ‘सायकल’ पूर्ण होऊ द्या. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मासा न टाकता थोडा अमोनिया घालून आणि टेस्ट किटने मोजत हे करता येतं. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्य, नायट्राइटही शून्य, म्हणजे टँक तयार.

हे सगळ्याच टँकना लागू आहे, मग इथे जोर कशासाठी? कारण अल्कधर्मी पाण्यात अमोनिया कैकपट विषारी असतो. २५ अंश तापमानात पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी विषारी रूपातला वाटा शेकडा अर्ध्याच्या जवळपास असतो. पीएच ८.२ झाला की तोच आठ टक्क्यांवर जातो. साध्या पाण्यातल्या माशांनी सोसलं असतं तेवढ्या अमोनियात मलावीचा मासा तडफडतो. म्हणूनच टँकमध्ये अमोनिया दिसत असताना पीएच वाढवायला सोडा टाकणं ही घातक चूक आहे. आधी पाणी बदला, अमोनिया शून्यावर आणा, सोड्याचं नंतर.

फिल्टर मोठा घ्या. तासाला टँकच्या पाच-सहा पट पाणी फिरवणारा कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा डबाबंद फिल्टर), शक्य असेल तर एकाऐवजी दोन. एक बंद पडला तर दुसरा असतो, आणि दोन्ही एकाच दिवशी धुवायचे नाहीत. दर आठवड्याला तीस ते चाळीस टक्के पाणी बदला, नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढणारं औषध घालूनच. नायट्रेट लीटरमागे वीस मिलिग्रॅमच्या आसपास राहिलं तर तुमचं वेळापत्रक बरोबर आहे. चाळीसच्या वर जात असेल तर एक तर खाणं जास्त आहे नाहीतर मासे.

चौथी पायरी: मासे निवडणं आणि आणणं

लहान वयात नर-मादी ओळखू येत नाहीत. त्यामुळे सहा ते आठ पिल्लं एकत्र घ्यायची, वाढू द्यायची आणि एक नर ठेवून जास्तीचे नर काढून द्यायचे, ही जुनी आणि खात्रीची पद्धत. काढून कुणाला देणार, हे आधीच ठरवलेलं बरं. वयात आलेल्या नराचं डोकं निळं होत जातं, विणीच्या काळात निळाई अंगभर पसरते आणि डाग जवळजवळ बुडून जातात. पोटाखालच्या मागच्या परावर लालसर-केशरी झाक येते. मादी आयुष्यभर डागाळलेलीच राहते.

दुकानात दहा मिनिटं नुसतं बघत उभे राहा. पोट खपाटीला गेलेलं, कल्ले धापा टाकल्यासारखे हलणारे, अंग दगडाला घासणारे मासे सोडा. दुकानदाराला खायला टाकायला सांगा. जो पुढे येत नाही तो घ्यायचा नाही.

घरी आणल्यावर पिशवीतलं पाणी आणि टँकचं पाणी यांचा मेळ घालायला पाऊण-एक तास द्या, बारीक नळीने थेंब थेंब टँकचं पाणी सोडून. प्रवास फार लांबचा झाला असेल तर मात्र पिशवी उघडल्यावर रेंगाळू नका, कारण साचलेला अमोनिया पीएच चढताच जहरी होतो. आधीचे मासे असतील तर नव्यांना तीन-चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवा. पहिल्या एक-दोन दिवसांत नवे मासे कोपऱ्यात पडून राहिले, रंग उडालेला दिसला, तर दिवे मंद करा आणि त्यांना एकटं सोडा. हे सोंग नाही आणि बहुधा आजारही नाही, नुसती धास्ती आहे.

सोबती

तोंडात मावतं ते खाद्य. एवढा एकच नियम. आणि या माशाचं तोंड दिसतं त्यापेक्षा मोठं आहे. जबडा पुढे फेकला जातो, शिवाय सिक्लिड कुळातल्या सगळ्या माशांप्रमाणे घशात दुसरा जबडा असतो, तो भक्ष्य आत ओढतो. त्याच्या निम्म्या लांबीचा मासा आज सुरक्षित वाटला तरी उद्या नसेल.

मलावीतलेच छोटे मबुना (खडकांतले सिक्लिड) आणि पीकॉक (रंगीत, वाळूवरचे सिक्लिड) म्हणून टाळा. पहिले चावरे आणि गिळता येण्याजोगे, दुसरे मवाळ. मलावीतलेच मोठे ‘हॅप’, म्हणजे मोकळ्या पाण्यातले मोठे सिक्लिड, जोडीला चालतात. फोसोरोक्रोमिस रोस्ट्राटस चांगला, पण त्याला टँक आणखी मोठा लागतो. डिमिडिओक्रोमिस कंप्रेसिसेप्स हा पात्यासारखा चपटा शिकारी गवतात डोकं खाली करून दबा धरतो, तोही जमतो. पॉलिस्टिग्मा आणि व्हेनुस्टस मात्र याच्यासोबत एकाच टँकमध्ये ठेवू नका, संकर होतो.

पाचवी पायरी: खाणं

शिकारी मासा म्हटलं की नवख्याला जिवंत मासे टाकायची हौस येते. टाकू नका. बाजारातले चाऱ्याचे मासे रोग घेऊन येतात, आणि गोल्डफिशसारख्या माशांत थायमिनेज असतं, जे ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. गाई-कोंबड्यांचं काळीज, मांस हेही नको. उष्ण रक्ताच्या प्राण्यांची चरबी या माशाला पचत नाही.

चांगल्या प्रतीचे, मासे आणि कोळंबीवर आधारलेले पेलेट, म्हणजे खाण्याच्या गोळ्या, हे रोजचं जेवण. आठवड्यातून दोनदा गोठवलेली कोळंबी, किंवा मायसिस, क्रिल असे कोळंबीसारखे बारीक जीव. पिल्लांना दिवसातून दोन-तीन वेळा, मोठ्यांना एकदा, दीड-दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. काचेपाशी येऊन तो असा काही बघेल की महिनाभर उपाशी आहे. तेही सोंगच.

सोंग की आजार?

दिवसभरात कधीतरी तुमचा मासा आडवा पडेल. काही मासे वरचेवर पडतात, काही वर्षानुवर्षं नाहीत. पडलेला दिसला की जाळी उचलण्याआधी एवढं बघा.

डोळा. सोंग घेतलेल्याचा डोळा जिवंत असतो, तो जवळच्या हालचालीमागे फिरतो. तुम्ही काचेसमोरून सरकलात तर तुमच्याही मागे.

श्वास. कल्ले संथ, एका लयीत हलत असले तर ठीक. भराभर उघडझाप, तोंड वासलेलं, तर काळजीचं.

जागा. शिकारी मोकळ्या वाळूवर पडतो, जिथे तो सगळ्यांना दिसेल. आजारी मासा लपतो, कोपरा धरतो, फिल्टरमागे जातो, नाहीतर पृष्ठभागाशी लटकतो. मला सर्वांत जास्त भरवसा याच खुणेचा वाटतो.

मग शेवटची परीक्षा: झाकण उचला, चिमूटभर खाणं टाका. उठला आणि खाल्लं, तर जाळी ठेवून द्या.

खाणं तोंडात घेऊन थुंकतोय, किंवा येतच नाही, विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी लोंबतेय, पोट फुगलंय, तर तो ‘मलावी ब्लोट’ असू शकतो. हा आजार काही दिवसांत मारतो, म्हणून वाट बघायची नाही. माशाला वेगळ्या टँकमध्ये हलवा, मूळ टँकचं पाणी मोजा आणि बदला, सगळ्यांचं खाणं थांबवा. मासा थोडंफार खात असेल तोवर खाण्यातून मेट्रोनिडाझोल हे औषध देता येतं. त्याचं प्रमाण जाणकार पशुवैद्याकडून घ्या. एकदा खाणं पूर्ण बंद झालं की वाचण्याची शक्यता फार घटते. दूषित पाणी, मारामारीचा ताण आणि अवजड खाणं या तिन्हींशी याचा संबंध जोडला जातो. त्यामुळे एक मासा आजारी पडला की बाकीच्यांसाठीही या तिन्हींकडे बघा.

एकाच वेळी दोन-तीन मासे पडलेले दिसले, तर सोंगाचा विचारही करू नका. सरळ टेस्ट किट काढा.

पिल्लं झाली तर

मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. नराच्या मागच्या परावर अंड्यांसारखे ठिपके असतात. तीही अंडीच समजून ती टिपायला जाते आणि तोंडातल्या अंड्यांचं फलन होतं. पुढे साधारण तीन आठवडे ती हनुवटी फुगवून, जवळजवळ काही न खाता फिरते. या काळात तिचं न खाणं आजार नाही, हे लक्षात असू द्या. नर फार छळत असेल तर तिला वेगळं करा, पण हलवताना हात हलका ठेवा, घाबरली तर अंडी टाकून देते. सुटलेली पिल्लं नुकत्याच उबलेल्या आर्टेमियावर (खाऱ्या पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव) आणि पेलेटच्या भुकटीवर वाढतात.

एका विणीत पन्नास-शंभर पिल्लं होऊ शकतात, आणि प्रत्येकाला पुढे तुमच्याएवढाच टँक लागणार आहे. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनाच द्या, आणि देताना नर किती मोठा होतो ते टँकसमोर उभं करून दाखवा. नदीत किंवा तळ्यात सोडू नका, एकही नाही. दुसऱ्या खंडातला शिकारी तिथल्या छोट्या माशांसमोर मेल्याचं सोंग घेऊन पडला, तर त्यांना ते ओळखायला कुणी शिकवलेलं नसतं.